जर्मन की जपानी? कोल्हापुरात राहून ठरवताना

गेल्या महिन्यात शेजारचे आण्णा संध्याकाळी घरी आले. हातात एका क्लासचं पत्रक. एका कोपऱ्यात जर्मनीचा झेंडा, दुसऱ्या कोपऱ्यात फुजी पर्वत आणि मधे ठळक अक्षरांत 'सहा महिन्यांत परदेश'. आण्णांचा थोरला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लागलाय. धाकटी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालीय आणि गावातल्याच एका दवाखान्यात रात्रपाळी करते.

"दोघंबी परदेशी भाषा शिकायचं म्हणत्यात," आण्णा म्हणाले. "क्लासवाला म्हणतोय, दोघांना एकाच बॅचला घाला, फी कमी करतो. जर्मन घालू का जपानी, तेवढं सांग."

मी म्हटलं, "आण्णा, दोघांना एकच भाषा घालू नका. फी वाचेल, पण एकाची दोन वर्षं जातील."

आण्णांना ते पटेना. त्या रात्री चहा दोनदा झाला आणि आम्ही साडेअकरापर्यंत बोलत बसलो. हाच प्रश्न घेऊन कागल, इचलकरंजी, गडहिंग्लजकडची पोरं मला अधूनमधून भेटतात, म्हणून ते बोलणं इथं सविस्तर मांडतोय. मी अठरा वर्षं फौंड्रीच्या क्वालिटी विभागात आहे. जर्मन बी-१ या पायरीपर्यंत शिकलो (पायऱ्यांचं पुढे सांगतो). पुढे कंपनीला जपानी गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा जपानी एन-४ पर्यंत शिकलो. दोन्ही भाषा नोकरी सांभाळून, कोल्हापुरातच.

ड्रॉइंगवरचे दोन शब्द

माझं जर्मन सुरू झालं ते एका ड्रॉइंगपायी. पंपाच्या हाउसिंगचं ड्रॉइंग जर्मनीहून आलं होतं. कोपऱ्यातल्या चौकटीत 'वर्कश्टोफ' म्हणजे मटेरियल, 'मासश्टाब' म्हणजे स्केल, हे अंदाजानं कळायचं, कारण शेजारी कास्ट आयर्नची ग्रेड किंवा एकास दोन असं प्रमाण लिहिलेलं असायचं. खाली टीप होती फक्त दोन शब्दांची: 'कांटन गेब्रोखन'. आमच्यातल्या एकानं मोबाइलवर टाकून बघितलं. उत्तर आलं, 'कडा तुटलेल्या'.

गिऱ्हाइकानं आधीच्या लॉटची तक्रार कळवलीय असं समजून आम्ही पॅक केलेले जॉब परत उघडले. कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगच्या पोरांना बोलावून घेतलं, एकेका नगाची कड भिंगाखाली बघितली. कुठं काही तुटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडून मेलला उत्तर आलं, तेव्हा कळलं की त्या टिपेचा अर्थ एवढाच: कडांची तीक्ष्ण धार मोडून घ्या. रोज करतो तेच काम. त्यात दीड दिवस गेला आणि एक गाडी रिकामी थांबली. त्याच आठवड्यात मी क्लासला नाव घातलं.

पुढे जपानी ड्रॉइंग यायला लागली, तेव्हा तिथंही हीच सूचना भेटली: 'बारी नाकी कोतो', म्हणजे बर, कडेला राहिलेली धातूची खरबरीत धार, राहता कामा नये. काम एकच, दोन भाषांत. फरक असा की जर्मन टीप डिक्शनरीत शोधता येते, कारण अक्षरं इंग्रजीचीच आहेत. जपानी टीप वाचताच आली नाही, तर शोधायची कशी हाच प्रश्न. दोन भाषांची तुलना करताना मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो. जर्मन पहिल्या महिन्यापासून कागदावर उपयोगी पडते. जपानी कागदावर उपयोगी पडायला दीड-दोन वर्षं लागतात.

आधी पातळी बघा, मग भाषा

पत्रकावर 'एन-५ प्रमाणपत्र' असं लिहिलं होतं. आण्णांना वाटलं, पाचवी पायरी म्हणजे बरीच वर असणार. जपानीत आकडा उलटा चालतो. एन-५ सगळ्यात खालची पायरी, एन-१ सगळ्यात वरची. ही जेएलपीटी परीक्षा १९८४ पासून आहे. आधी तिच्या चार पायऱ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. जर्मनच्या पायऱ्या मात्र चढत्या: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ही मोजपट्टी युरोप परिषदेनं (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि आता फ्रेंच, स्पॅनिश सगळ्यांना तीच लावतात.

क्लास बहुतेक वेळा पहिली पायरी विकतात. ए-१ किंवा एन-५ झालेला माणूस स्वतःची ओळख करून देतो, वेळ विचारतो, दुकानात भाव विचारतो. तेवढ्यावर त्याला नोकरी कुणी देत नाही. जर्मनीनं १ जून २०२४ पासून संधीपत्र सुरू केलंय, म्हणजे तिथं जाऊन नोकरी शोधायची मुभा. त्याला जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ चालतं, पण शिक्षण, अनुभव, वय असे सहा गुणही जमवावे लागतात आणि तिथं राहण्याचा खर्च खिशात आहे हे दाखवावं लागतं. तिथं पोचून ए-१ च्या जोरावर कारखान्यात काम मागायचं म्हणजे शिरोलीत येऊन नुसतं 'नमस्कार' म्हणता येणाऱ्या माणसानं मोल्डिंगवर सुपरवायझर व्हायचं म्हणण्यासारखं आहे.

दार कुठल्या पायरीवर उघडतं ते आधी विचारा. जर्मनीत तीन-साडेतीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत काम आणि व्यवसायशाळा एकत्र, त्यासाठी साधारण बी-१ लागतं. नर्स म्हणून मान्यता मिळवायला बी-२. जपानच्या 'विशिष्ट कौशल्य' व्हिसासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा. जपानी कंपनीत इंजिनिअर म्हणून डिग्रीवर जायचं असेल, तर सरकार पायरी ठरवून देत नाही, पण कंपन्या एन-३, एन-२ मागतात.

आता वेळेचा हिशेब. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटच्याच अंदाजानं बी-१ पर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात, बी-२ ला ६०० ते ८००. रोज दीड तास, महिन्यात पंचवीस दिवस, एकही खाडा नाही, असं धरलं तर महिन्याला असे पंचेचाळीस मिनिटांचे पन्नास तास होतात. म्हणजे बी-२ ला बारा ते सोळा महिने, तेही लग्नसराई, गणपती, ओव्हरटाइम काहीच न धरता. नोकरी करणाऱ्यानं दोन वर्षं धरावीत. 'सहा महिन्यांत परदेश' हे गणितातच बसत नाही.

मराठी माणसाच्या जिभेला कुठली भाषा जवळची

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था आपल्या अधिकाऱ्यांसाठी जर्मनला सुमारे ३६ आठवडे धरते आणि जपानीला ८८. हे आकडे बघून बरेच जण जपानीचा नाद सोडतात. पण तो हिशेब इंग्रजी बोलत वाढलेल्या माणसाचा आहे. आपला हिशेब वेगळा आहे. तो क्लासमध्ये कुणी सांगत नाही, कारण शिकवणं सगळं इंग्रजीतून चालतं.

जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं: डेर, डी, डास. इंग्रजीवाल्याला याचा फार त्रास होतो, हिंदीवाल्याला तिसरं लिंग नवीन. आपल्याला तो, ती, ते आईच्या दुधाबरोबर आलंय. डास वासर, ते पाणी. डास हाउस, ते घर. डास बूख, ते पुस्तक. डास किंट, ते मूल. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आहे, डास मेटशेन, याचं सगळं जग नवल करतं. आपण पोरगीला 'ते पोर कुठं गेलं?' असं रोज म्हणतो. सगळी नामं अशी जुळत नाहीत. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे. शब्द पाठ करताना लिंगासकट करावे लागतात, त्यातून सुटका नाही. पण निर्जीव वस्तूला लिंग का असावं, हा प्रश्न तरी आपल्याला पडत नाही.

विभक्तीचंही तसंच. डेर चं डेन, डेम होतं ते बघून पोरं घाबरतात. आपण 'घोडा'चं 'घोड्याला', 'घोड्याचा' करतो, ते शाळेत सामान्यरूप म्हणून शिकलोय. आणि गौण वाक्य बघा: 'वाइल इश हॉइट निश्ट कोमन कान'. कारण, मी, आज, नाही, येऊ, शकत. शब्दाला शब्द जवळजवळ आपल्याच ओळीत उभे राहतात. इंग्रजीतून भाषांतर करत बसलं की हेच वाक्य अवघड होतं.

उच्चारात तर आपल्याकडे एक ठेवणीतलं अक्षरच आहे. जर्मन 'झेड'चा उच्चार चमच्यातला 'च'. जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणताना जो 'च' निघतो, तोच जर्मन दहा आकड्याच्या सुरुवातीला लागतो. जपानी 'त्सु' म्हणजे चुन्यातला 'चु'. इंग्रजी स्पेलिंगकडे बघत बसल्यामुळे आमच्या बॅचमधली पोरं महिनाभर 'त्-सु' असं तोडून म्हणत होती. 'चुना' म्हणा, एवढं सांगितल्यावर पाच मिनिटांत जमलं.

जपानीत लिंगाचा प्रश्नच नाही आणि वाक्याची घडण मराठीची. 'वाताशी वा कोरुहापुरु कारा किमाशिता.' मी, कोल्हापूर, हून, आलो. 'कारा' म्हणजे आपला 'हून', 'नि' म्हणजे 'ला', क्रियापद शेवटी. बोलताना वाक्य डोक्यात उलटंपालटं करावं लागत नाही, सरळ मराठीच्या ओळीत शब्द ठेवत जायचं. आपल्याकडच्या पोरी 'मी येतो, मी जातो' म्हणतात आणि पुण्यात त्यावरून कुणी ना कुणी टोकतं. जपानी आणि जर्मन दोन्हीत 'मी येतो' मुलगा-मुलगी एकसारखंच म्हणतात. आमच्या बॅचमधल्या एका ताईला हे कळल्यावर झालेला आनंद मला अजून आठवतो.

जपानी अक्षरमालाही परकी नाही. बौद्ध भिक्षूंनी सिद्धं लिपीबरोबर संस्कृत वर्णांचा अभ्यास तिकडे नेला आणि त्या क्रमाचा ठसा हिरागानावर राहिला. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बाराखडी म्हटलेलं पोर आठवड्यात ४६ अक्षरं लावतं. मग तेवढीच काताकाना या दुसऱ्या अक्षरमालेची.

खरा डोंगर त्यानंतर लागतो. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं. एन-५ ला साधारण शंभर, एन-४ ला तीनशे, एन-३ ला साडेसहाशेच्या आसपास. जपानी माणसाच्या रोजच्या वापरातल्या अधिकृत यादीत २,१३६ आहेत. एकेका कांजीला दोन-तीन उच्चार. इथं मराठीची काही मदत होत नाही, नुसतं रोज लिहिणं. मी पहाटे साडेपाचला उठून वहीत पाच कांजी काढायचो, दोन वर्षं. ज्याला रोज थोडं थोडं बसून करायची सवय नाही, त्यानं जपानी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनमध्ये आठवडाभर खाडा पडला तर भरून काढता येतो. कांजी पंधरा दिवस सोडल्या तर निम्म्या जातात.

परीक्षा

जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. आपल्याला जवळचं केंद्र पुणे. शनिवारी रात्रीची एसटी धरायची, सकाळी स्वारगेटला उतरून केंद्रावर जायचं. नापास झालं की सहा महिने थांबा आणि परत सगळाच पेपर द्या. एन-४ ला १८० पैकी ९० गुण लागतात, शिवाय प्रत्येक विभागात ठरावीक किमान गुण.

जर्मनच्या परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे गटे इन्स्टिट्यूटच्याच शाखेत, वर्षभर अधूनमधून होतात. बी-१ चे चार भाग आहेत: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात शंभरपैकी साठ. एखाद्या भागात राहिलात तर तेवढाच परत देता येतो. माझं श्रवण पहिल्यांदा राहिलं होतं, बाकी तीन सुटले. पैशाच्या बाबतीत मात्र जर्मनची परीक्षा जपानीच्या काही पट महाग आहे. घरात दोघांची फी भरायची असेल तर हे आधीच धरून चाला.

जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नाही, लिहायचीही नाही. सगळे पर्यायी प्रश्न. त्यामुळे क्लासही बोलायला शिकवत नाहीत. आमच्याकडचा एक सहकारी एन-३ चांगल्या गुणांनी पास झाला. जपानी पाहुणे ऑडिटला आले, त्यांनी कोअर शॉपमध्ये त्याला एक साधा प्रश्न विचारला आणि त्याच्या तोंडून शब्द निघेना. त्याचा दोष नव्हता. तीन वर्षांत त्याला कुणी जपानीत बोलायला लावलंच नव्हतं.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट शिकलो. आमचे साहेब बोलत होते आणि पाहुणे प्रत्येक वाक्याला 'हाय, हाय' म्हणत होते. साहेबांना वाटलं, सगळं मान्य झालं. 'हाय' म्हणजे 'ऐकतोय' एवढंच. शेवटी ते म्हणाले, 'केन्तो शिमासु', विचार करतो. हे बहुतेक वेळा मवाळ नकारच असतो. जर्मन माणूस तिथल्या तिथं 'नाइन' म्हणून कारण सांगतो. सुरुवातीला ते लागतं, पण कोल्हापूरच्या माणसाला तोंडावर बोलणारा समजायला सोपा जातो. जपानी व्यवहारात मान, वय, हुद्दा यांप्रमाणे क्रियापदं बदलतात. आपण आजोबांशी बोलताना 'या, बसा' म्हणतो, तेच फार बारकाईनं करायचं. त्यामुळे कामाच्या ठिकाणची जपानी पुस्तकाबाहेर शिकावी लागते.

कुणी काय घ्यावं

नर्सिंग झालेल्यांनी जर्मन. इथं माझ्या मनात काही शंका नाही. जर्मनीत बी-२ आणि पदवी-पदविकेची मान्यता मिळाली की तुम्ही नर्सच राहता. जपानचा व्हिसा 'काइगो'साठी मिळतो, म्हणजे वृद्धांची सेवा. ते काम मानाचंच आहे, पण तीन वर्षं जीएनएम करून सलाइन, औषधं, वॉर्ड सांभाळणारी मुलगी तिथं परिचारिका म्हणून धरली जात नाही. जपानमध्ये नर्सची राष्ट्रीय परीक्षा द्यायची तर एन-१ लागतं. तिथवर पोचायला किती वर्षं लागतील ते वरच्या कांजीच्या आकड्यांवरूनच कळेल. ज्यांचं नर्सिंग झालेलं नाही आणि माणसांची सेवा करायची मनापासून इच्छा आहे, त्यांना काइगोचा रस्ता खुला आहे. त्यासाठी भाषेच्या परीक्षेबरोबर काइगोची वेगळी भाषापरीक्षा आणि कौशल्यपरीक्षा द्यावी लागते.

आयटीआय, डिप्लोमावाल्यांचं ठरवणं अवघड आहे. जपाननं हा 'विशिष्ट कौशल्य' व्हिसा एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला, भारताबरोबरचा करार जानेवारी २०२१ चा. मार्च २०२४ मध्ये क्षेत्रं बारावरून सोळा झाली आणि औद्योगिक उत्पादनाच्या क्षेत्रात ओतकाम, मशीनिंग धरलंय. वाळू, मोल्ड, भट्टी हे हाताखालून गेलेल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या पोराला हे नुसतं भाषा शिकलेल्यापेक्षा जवळचं आहे. प्रत्येक क्षेत्राची कौशल्यपरीक्षा भारतात होतेच असं नाही, ते क्लासला नाव घालायच्या आधी तपासा. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात साधारणपणे पाच वर्षंच राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. लग्न ठरलेल्या मुलाच्या घरात हे आधी बोललं गेलं पाहिजे. दुसऱ्या प्रकारात मुदत वाढत राहते आणि कुटुंबही नेता येतं, पण तिथवर जायला वरची कौशल्यपरीक्षा द्यावी लागते.

जर्मनीच्या आउसबिल्डुंगमध्ये परत शिकावं लागतं. डिप्लोमा झालेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला पुन्हा शिकाऊ व्हायचं कमीपणाचं वाटतं. विद्यावेतनाचा कायद्यानं ठरलेला किमान आकडा २०२५ मध्ये सुरू होणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षी महिन्याला ६८२ युरो होता. तिथल्या खर्चात तो पुरेलच असं नाही. पण तीन वर्षांनी हातात जर्मन कारागिराचं प्रमाणपत्र येतं आणि ते तिथं आयुष्यभर चालतं. लवकर कमाई सुरू करायची आणि काही वर्षांनी परत यायचंय, तर जपान. तिकडेच बस्तान बसवायचंय, तर जर्मनी. मी पोरांना एवढंच विचारतो: दहा वर्षांनी तुला कुठं राहायचंय? उत्तर आलं की अर्धा निर्णय झालेला असतो.

इंजिनिअरिंग करून मास्टर्सला जर्मनीत जाणारे म्हणतात, कोर्स इंग्रजीत आहे, जर्मन कशाला? कोर्स इंग्रजीत असतो, नोकरी आणि घरमालक जर्मनमध्ये असतात. बी-१ इथून करून जा, तिथं अभ्यास आणि अर्धवेळ काम सांभाळून भाषेला वेळ उरत नाही. खर्चाचंही नीट बघा. बहुतेक राज्यांच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्ग युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. आणि वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात आधीच दाखवावे लागतात.

मोठ्या आकड्यांना भुलू नका. जर्मनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांच्या वर्षाच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. जपानबरोबर ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीय तिकडे जावेत असं ठरलं. आपल्या राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला, १० हजार तरुण पाठवायचं उद्दिष्ट ठेवलं. हे सगळं चांगलंच आहे. पण करार कितीही मोठा असला तरी बी-१ चं श्रवण तुमचं तुम्हालाच सोडवावं लागतं.

एजंटाबाबत एक सांगणं आहे. माझ्या मावसभावानं पाच वर्षांपूर्वी एकाला पैसे दिले. पासपोर्टही दिला. तो पासपोर्ट परत मिळवायला आठ महिने लागले, पैसे आलेच नाहीत. परदेशी नोकरीला लावणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक घरी बसून तपासता येतो. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली की तिथून उठा.

कोल्हापूर सोडायचं नसेल तर

सगळ्यांना जायचं नसतं, आणि माझा जीव या लोकांत जास्त आहे. आपल्या कारखान्यांत जपानी शब्द आधीच मुरलेत. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके, हे पाच शब्द भिंतीवरच्या फलकावर असतात. कायझेन (सतत सुधारणा), पोका-योके (चूक होऊच न देणारी सोय) तर हेल्परसुद्धा म्हणतो. शब्दांचा अर्थ मात्र पाठ केलेला. 'सेइतोन' म्हणजे वस्तू लागेल तेव्हा हाताला येईल अशी मांडणं, एवढं भाषेतून कळलं, त्या दिवशी माझ्या टूल क्रिबची, म्हणजे हत्यारं ठेवायच्या जागेची, रचना मी बदलली.

इथंच राहणाऱ्यानं आपल्या कंपनीचं गिऱ्हाईक कोण आहे ते बघावं. जपानी असेल तर जपानी, कारण ती भाषा येणारी माणसं जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि पाहुण्यांपुढं दोन वाक्यं नीट बोलणाऱ्यालाही किंमत आहे. तसं नसेल तर जर्मन, कारण ड्रॉइंग, मशीनची मॅन्युअल, मेल यांत ती ए-२ पासूनच कामाला येते. आणि फी भरायच्या आधी एचआरकडे जाऊन लेखी विचारा: परीक्षा पास झालो तर फी परत मिळेल का, क्लासपुरती पाळी बदलून मिळेल का. फिरती पाळी ही भाषेची मोठी वैरी आहे. या आठवड्याला संध्याकाळचा क्लास जमतो, पुढच्या आठवड्याला नाही. आमच्या बॅचमधले वीसपैकी अकरा जण पाळीपायी गळाले. कारखानदारांनी कँटीनमध्ये पाळी सुटल्यावर तासभराचा वर्ग चालवला, तर फळा आणि शिक्षकाचं मानधन सोडून फारसा खर्च नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्याआधीपासून बोर्डिंगं उभी केली. दसरा चौकातल्या त्या इमारतींसमोरून जाताना मला नेहमी वाटतं, संध्याकाळी इथल्या एखाद्या खोलीत खेड्यातल्या पोरांना जर्मनचा फुकट वर्ग का चालू नये?

शिकायचं कुठं? शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे, तिथून सुरुवात करा. खाजगी क्लास असेल तर शिक्षकाची स्वतःची पातळी विचारा. बी-१ झालेला माणूस ए-१ शिकवू शकतो, बी-२ नाही. आधी एक तास बसू द्या म्हणा आणि मोजा, तासात पोरं किती वेळ बोलली. ऑनलाइन वर्ग पाळीवाल्यांना सोयीचे, पण संभाषणाला समोर माणूस हवा, त्यासाठी दोघा-तिघांचा गट करून रंकाळ्यावर फिरताना बोला. आम्ही तेच केलं.

अकरावीत मराठी सोडून गुणांसाठी जर्मन किंवा फ्रेंच घेण्याबद्दल पालक विचारतात. मी घेऊ नका म्हणतो. दोन वर्षं व्याकरण आणि भाषांतर पाठ होतं, बोलणं येत नाही, आणि ज्या मराठी व्याकरणाच्या जोरावर पुढे परकीय भाषा सोपी जाणार, तेच सुटतं. भाषा जरूर शिका, मराठीच्या जोडीला.

फ्रेंचबद्दल थोडक्यात: कॅनडाला स्थायिक व्हायचं असेल तर तिथल्या गुणपद्धतीत फ्रेंचचे वेगळे गुण मिळतात, त्यांनी जरूर घ्यावी. एरवी कोल्हापुरात राहून तिचा उपयोग कमी. कोरियन पोरी हौसेनं शिकतायत, हौस हेही चांगलं कारण आहे.

आण्णांची धाकटी जर्मनला जाते. दुपारी चारचा वर्ग, तिथून सरळ रात्रपाळी. थोरल्याचं ठरत नव्हतं. मी त्याला सांगितलं, पैसे भरायच्या आधी आठवडाभर रोज हिरागानाच्या दोन ओळी लिही, मग बघू. रविवारी सकाळी तो आला. क्लासच्या त्याच पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यानं सगळी ४६ अक्षरं पेन्सिलनं उतरवली होती. 'नु' आणि 'मे' ची अदलाबदल झाली होती. पहिल्यांदा सगळ्यांचीच होते. खोडरबर आणायला त्याची आई आत गेली आणि आम्ही तिथंच पायरीवर बसून ती दोन अक्षरं परत गिरवली.